वराहगृहातील मोजपट्टी आणि लोणंदचा मेंढवाडा : प्राणिकल्याणाच्या मूल्यमापन-निकषांची चिकित्सा

प्रस्तावना :

पशुपालनाचा विचार आपल्याकडे प्रामुख्याने उत्पादनाच्या अंगाने झाला आहे. दूध किती, मांस किती, वर्षाकाठी पिल्ले किती, या प्रश्नांची उत्तरे देणारी कोष्टके भरपूर आहेत. जनावर स्वतः कसे जगते, हा प्रश्न मात्र एक तर भूतदयेच्या नावाने कीर्तनात गेला किंवा क्रौर्याच्या नावाने पोलीस ठाण्यात. या दोहोंच्या मधे रोजचे जगणे असते. चारा, पाणी, निवारा, आजार, भीती आणि स्वास्थ्य यांनी ते बनलेले असते. त्याचे शिस्तबद्ध मोजमाप करण्याचा प्रयत्न गेल्या सहा दशकांत युरोपात झाला आणि त्यातील बराचसा वाद वराहपालनाभोवती फिरत राहिला.

प्रस्तुत लेखात या मोजमापाच्या सर्वांत विकसित प्रणालीची, म्हणजे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘वेल्फेअर क्वालिटी’ या वराहविषयक मूल्यमापन-पद्धतीची चिकित्सा केली आहे. तिची कसोटी पाहण्यासाठी सातारा जिल्ह्यातील लोणंद परिसरातील मेंढपाळी समोर ठेवली आहे. बंद वराहगृह आणि फिरता मेंढवाडा ही पशुपालनाची दोन टोके आहेत. एका टोकासाठी घडवलेली पट्टी दुसऱ्या टोकाला लावली असता तिचे गुण आणि दोष दोन्ही स्पष्ट होतात, एवढाच या तुलनेमागील हेतू आहे.

हा प्रश्न केवळ शास्त्रीय कुतूहलाचा नाही. केंद्र शासनाच्या राष्ट्रीय पशुधन अभियानाच्या २०२१ मधील सुधारित स्वरूपात शंभर माद्या व दहा नर अशा वराहपैदास केंद्राला ५० टक्के, कमाल ३० लाख रुपयांपर्यंत, आणि पाचशे माद्या व पंचवीस नर अशा मेंढी वा शेळी केंद्राला कमाल ५० लाख रुपयांपर्यंत अनुदान देऊ केले गेले. एवढी जनावरे एका ठिकाणी ठेवायची तर गोठा बंदिस्तच होणार. म्हणजे युरोपने ज्या वाटेने जाऊन नंतर पश्चात्ताप केला, त्या वाटेच्या तोंडाशी आपण उभे आहोत. अशा वेळी कोणती पट्टी हाती घ्यायची हे आधी ठरलेले बरे.

निकषांची पार्श्वभूमी :

१९६४ मध्ये रूथ हॅरिसन यांचे ‘ॲनिमल मशिन्स’ हे पुस्तक इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाले. कारखानदारी पद्धतीच्या पशुपालनाचे त्यातील चित्र पाहून तेथील जनमत क्षुब्ध झाले आणि शासनाला समिती नेमावी लागली. ब्रॅम्बेल समितीने १९६५ च्या अहवालात जनावराला किमान उभे राहता, आडवे होता, वळता, अंग साफ करता आणि पाय ताणता यावेत असे म्हटले. अपेक्षा किती माफक होती ते पाहण्यासारखे आहे. ज्या व्यवस्थेत ‘वळता येणे’ हे स्वातंत्र्य म्हणून मागावे लागते, त्या व्यवस्थेवर याहून कठोर टीका कोणती असणार? पुढे १९७९ पासून ‘पाच स्वातंत्र्ये’ ही मांडणी रूढ झाली. भूक व तहान, अस्वास्थ्य, वेदना व आजार, भीती यांपासून मुक्तता आणि स्वाभाविक वर्तनाची मोकळीक अशी ती पाच स्वातंत्र्ये होत.

वराहपालनात या मागणीचा केंद्रबिंदू गाभण मादीचा पिंजरा हा ठरला. या पिंजऱ्यात मादीला उठबस करता येते, वळता येत नाही. ब्रिटनने १९९९ मध्ये त्यावर पूर्ण बंदी आणली. युरोपीय संघाने १ जानेवारी २०१३ पासून गाभण काळाच्या पहिल्या चार आठवड्यांनंतर तो वापरण्यास मनाई केली.

भारतात प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम १९६० चा आहे. हालचालीला पुरेशी जागा नसलेल्या पिंजऱ्यात प्राणी ठेवणे हा त्याच्या कलम ११ प्रमाणे गुन्हा आहे, मात्र पहिल्या गुन्ह्याला त्यात ठरवलेला दंड दहा ते पन्नास रुपये इतकाच आहे. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ च्या जल्लीकट्टूविषयक निकालात पाच स्वातंत्र्यांचा आशय याच अधिनियमात वाचला. २०२३ मध्ये घटनापीठाने तमिळनाडूचा जल्लीकट्टू आणि महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यत यांना परवानगी देणाऱ्या राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. या साऱ्या चर्चेत बैल आहे. डुक्कर आणि मेंढी नाही. आपल्या सहानुभूतीचेही एक श्रेणीबद्ध कोष्टक असते, हे यावरून दिसते.

प्रणालीचे स्वरूप व बलस्थाने :

‘वेल्फेअर क्वालिटी’ हा प्रकल्प युरोपीय संघाच्या अर्थसाहाय्याने २००४ ते २००९ या काळात चालला. त्यात चार तत्त्वे (योग्य आहार, योग्य निवारा, चांगले आरोग्य आणि योग्य वर्तन) व त्यांखाली बारा निकष ठरवण्यात आले. निरीक्षक वराहगृहात जवळजवळ एक कामाचा दिवस घालवतो. लंगडणे, अंगावरील जखमा, सांध्यांवरील गाठी, शेपटीचे चावे, खोकला, धाप, हगवण, एकमेकांना चिकटून पडणे, माती-खेळणी हुंगणे यांची तो मोजदाद करतो. त्यावरून प्रत्येक तत्त्वाला शून्य ते शंभर गुण मिळतात आणि शेवटी वराहगृह ‘उत्कृष्ट’, ‘सुधारित’, ‘स्वीकार्य’ किंवा ‘अवर्गीकृत’ ठरते.

या प्रणालीचे पहिले बलस्थान तिच्या दृष्टीत आहे. जुनी तपासणी इमारत पाहत असे. किती चौरस फूट, किती गव्हाणी, किती खिडक्या याची ती नोंद घेई. ही प्रणाली जनावराच्या अंगाकडे पाहते. फरशी कशी आहे हे विचारण्यापेक्षा त्या फरशीवर झोपणाऱ्या डुकराच्या सांध्याला गाठ आली आहे का हे ती पाहते. इमारत कागदावर सुधारता येते, सांधा सुधारता येत नाही. दुसरे बलस्थान असे की, एका निकषातील उणीव दुसऱ्यातील अधिक गुणांनी सहज भरून निघू नये अशी गणिती तरतूद तिच्यात आहे. भरपूर खायला मिळते म्हणून लंगडेपणा माफ, असा हिशेब तिला मान्य नाही. आपल्याकडील तपासण्यांत ही दोन्ही पथ्ये क्वचितच पाळली जातात, म्हणून त्यांचे महत्त्व आधी मान्य केले पाहिजे.

मर्यादा :

तथापि अंतिम दर्जा ठरवताना ही प्रणाली स्वतःच्याच तत्त्वाला मुरड घालते. ‘स्वीकार्य’ ठरण्यासाठी चारही तत्त्वांत दहापेक्षा अधिक आणि त्यांपैकी तिहींत वीसपेक्षा अधिक गुण पुरेसे होतात. म्हणजे ‘योग्य वर्तन’ या तत्त्वात शंभरपैकी अकरा गुण मिळवणारे वराहगृह स्वीकार्य होऊ शकते. ‘उत्कृष्ट’ दर्जासाठीही दोन तत्त्वांत ऐंशीच्या वर आणि उरलेल्या दोहोंत पंचावन्नच्या वर गुण असले की भागते. हे उंबरठे तज्ज्ञांशी विचारविनिमय करून ठरवले गेले हे खरे, पण अस्तित्वातील वराहगृहांपैकी कोणीच उत्तीर्ण होणार नाही अशी पट्टी बाजारात चालत नाही, हा व्यवहारही त्यामागे दिसतो. परीक्षेचा निकाल लागावा म्हणून उत्तीर्णतेची रेषा खाली आणण्याचा प्रकार प्राध्यापक वर्गाला अपरिचित नाही.

दुसरी अडचण शेपटीची आहे. डुक्कर हा दिवसभर नाकाने जमीन उकरणारा, शोधक प्राणी आहे. गवत, पेंढा, माती यांपैकी काहीच न मिळाल्यास त्याचे तोंड शेजाऱ्याच्या शेपटीकडे वळते. चावे थांबवण्यासाठी पिल्लांच्या शेपट्या कापण्याची रीत पडली. युरोपीय कायद्याने सरसकट शेपूटकापणीस मनाई केली आहे, तरीही बहुसंख्य देशांत ती चालू राहिली. प्रस्तुत प्रणालीत शेपूट कापणे एका निकषाखाली येते आणि शेपटीचे चावे दुसऱ्या निकषाखाली. परिणामी शेपटी कापणारा मालक एकीकडे गुण गमावतो व दुसरीकडे मिळवतो. वास्तविक हे दोन्ही आकडे एकाच रिकाम्या कोठडीची साक्ष देत असतात. अखंड आणि न चावलेली शेपूट हे वराहगृहातील सर्वांत बोलके निदर्शक होय, कारण चांगल्या व्यवस्थेवाचून ती टिकतच नाही. निकष सुटे केले की साक्षही सुटी होते.

तिसरी अडचण हवामानाची. अंग किती टक्के मळाने माखले आहे यावरून डुकराच्या विश्रांतीची सोय ठरवली जाते. युरोपातील छपराखाली हे योग्यच आहे. परंतु डुकराला घामावाटे अंग थंड करता येत नाही. उन्हाळ्यात चिखलात लोळणे हा त्याचा उपाय असतो. चैत्र-वैशाखात माणदेशातील डुक्कर चिखलाने माखलेले असेल तर ते त्याच्या सुखाचे लक्षण मानावे लागेल. विष्ठेचा लेप आणि चिखलाचा लेप यांत भेद न करणारा निरीक्षक येथे नेमका उलटा निष्कर्ष काढील.

चौथी अडचण अशी की, काही निकषांचे वजन प्रमाणाबाहेर वाढते. तहान डोळ्यांना दिसत नाही म्हणून पाण्याच्या नळ्या मोजल्या जातात. दुभत्या गाईंसाठीच्या याच प्रकल्पातील प्रणालीचा पुढे अभ्यास झाला, तेव्हा पाण्याच्या सोयीचा हा एक निकष अंतिम दर्जावर फार मोठा प्रभाव टाकतो असे आढळले. ज्या जागी जनावराकडे पाहता येत नाही, तेथे प्रणाली पुन्हा इमारतीकडेच वळली आणि निर्णायक शब्दही इमारतीचाच ठरला.

पालक कोठे आहे? :

या चार अडचणी तांत्रिक आहेत आणि त्या दुरुस्त होऊ शकतात. पाचवी तशी नाही. बारा निकषांत ‘माणूस व प्राणी यांचे नाते’ असा एक निकष आहे. निरीक्षक कोठडीत शिरतो, सावकाश फेरी मारतो आणि किती डुकरे घाबरून पळतात ते पाहतो. नाते येथे दोघांतच संपते. कोठडीच्या गजापलीकडचा समाज त्यात येत नाही.

महाराष्ट्रातील गावठी डुकराच्या बाबतीत हा समाज वगळताच येत नाही. येथे डुकरे पाळणे हे कैकाडी, वडार यांसारख्या जमातींकडे आले. त्यांना शेत नव्हते, गावात मानाची जागा नव्हती आणि त्यांच्या जनावराला गायरानात हक्क नव्हता. डुक्कर उकिरड्यावर जगले, कारण त्याच्या मालकालाही गावाने कडेलाच ठेवले होते. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ (२०१३) या चित्रपटाच्या नावाचा कैकाडी बोलीतील अर्थच डुक्कर असा आहे. जत्रेच्या तोंडावर गावातील डुकरे पकडण्याचे काम एका कैकाडी कुटुंबावर लादले जाते आणि गाव ती धरपकड करमणूक म्हणून पाहते. प्राणिकल्याणाच्या पट्टीने या प्रसंगातील डुकराची भीती, धाप आणि फासाची जखम टिपता येईल. त्याच्यामागे धावणाऱ्या शाळकरी जब्याची लाज टिपायला तिच्यात रकाना नाही. डुक्कर आणि जब्या यांना एकच गाव पळवत आहे, हे या चित्रपटाचे म्हणणे आहे. मूल्यमापनशास्त्राने ते कलाकृतीचा अतिरेक म्हणून बाजूला सारू नये. नगरपालिकांच्या डुक्कर पकडण्याच्या मोहिमांतही हाच प्रश्न दडलेला असतो.

मात्र येथे एक सावधगिरी हवी. पालकाचे दारिद्र्य हे प्राण्याच्या वेदनेचे समर्थन होऊ शकत नाही. पालकाचा रकाना हवा तो प्राण्याला मिळालेले कमी गुण वाढवण्यासाठी नव्हे, तर ते कमी का मिळाले आणि कोणी काय बदलले तर वाढतील हे कळण्यासाठी.

लोणंदचा दाखला :

लोणंद हे सातारा जिल्ह्याच्या खंडाळा तालुक्यातील, पुणे–मिरज लोहमार्गावरील बाजारपेठेचे गाव. कांद्याप्रमाणेच शेळ्या-मेंढ्यांच्या बाजारासाठी ते प्रसिद्ध आहे. दख्खनी मेंढीच्या महाराष्ट्रातील उपप्रकारांत संगमनेरी, सोलापुरी, कोल्हापुरी यांबरोबर ‘लोणंद’ हे नाव घेतले जाते. दक्षिणेकडे सांगली जिल्ह्यातील जत तालुक्यात उंच, फुगीर नाकाडाची माडग्याळ मेंढी आहे. या पट्ट्यातील धनगर मेंढपाळ पावसाळा सरला की पश्चिमेकडे, थेट कोकणापर्यंत जातात आणि पावसाच्या तोंडावर पूर्वेच्या कोरड्या माळाकडे परततात. वाटेत शेतकऱ्यांच्या रानात मेंढ्या बसवतात. रानाला लेंडीखत मिळते, मेंढपाळाला धान्य वा पैसे.

या फिरत्या कळपाला बारा निकष लावून पाहावेत. मेंढीसाठी २०११ ते २०१५ या काळातील ‘एविन’ प्रकल्पाने तेच बारा निकष थोड्या फरकाने वापरले आहेत, तेव्हा तुलना अस्थानी नाही. हालचालीची मोकळीक व स्वाभाविक वर्तन यांत हा कळप कोणत्याही बंद वराहगृहाला मागे टाकील. मेंढी चालते, निवडून चरते, कळपात राहते, कोकरू आईजवळ वाढते. माणसाशी नाते या निकषात तर विचारायलाच नको. नुकते जन्मलेले कोकरू मेंढपाळाच्या खांद्यावर किंवा घोड्यावरील बिऱ्हाडात प्रवास करते. पाण्याच्या जागा मोजायच्या म्हटले तर कळपाजवळ एकही नळी नाही. विहीर, कालवा, ओढा जेथे भेटेल तेथे पाणी. निवाऱ्याचे गुण जवळजवळ शून्य, कारण रात्री जाळीचे कुंपण आणि वर आकाश. लंगडणे, खुरांचे आजार, आंत्रविषार, लांडग्या-कुत्र्यांचे हल्ले आणि रस्त्यावरील वाहने यांमुळे आरोग्याचे गुण ऋतुमानाप्रमाणे हेलकावे खातील.

येथे एका दिवसाच्या भेटीचा दोष उघडा पडतो. पौषात, कापणी झालेल्या रानात पाहिलेला कळप सुधारित दर्जाच्या जवळ जाईल. तोच कळप अवकाळी पावसाच्या रात्री पाहिला तर कोणत्याही वर्गात बसणार नाही. १ व २ डिसेंबर २०२१ रोजी थंडीसह झालेल्या पावसाने पुणे व तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यांत उघड्यावरील शेकडो मेंढ्या दगावल्या. छपराखालील वराहगृहाची अवस्था महिनोन्‌महिने बहुधा सारखी असते, म्हणून एक दिवस पुरतो. मेंढवाड्याचे वर्ष मोजावे लागते.

लोकरीचे उदाहरणही बोलके आहे. दख्खनी मेंढीची भरड लोकर काढावीच लागते, परंतु घोंगडीची मागणी ओसरल्याने कातरणीचा खर्चही तिच्यातून निघत नाही. मेंढीच्या अंगावरील लोकर वेळेवर निघते की नाही हा कल्याणाचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर कळपात नसून बाजारात आहे. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) दुष्काळ येतो तेव्हा मेंढरांचे हाल आणि माणसांचे हाल असे दोन हिशेब मांडता येत नाहीत. ती कादंबरी या अर्थाने याच प्रदेशातील कल्याणाचे दस्तऐवजीकरण आहे.

उत्पादन आणि कल्याण यांचा मेळ घालण्याचा एक प्रयत्न लोणंदच्या शेजारी, फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेत झाला. सुंदरबनातील लहान चणीच्या गारोळ मेंढीतील जुळ्यांना कारणीभूत असलेले जनुक दख्खनी मेंढीत आणून तेथे ‘नारी सुवर्णा’ ही मेंढी विकसित करण्यात आली. लक्ष वेधून घेणारी गोष्ट अशी की, या प्रयोगात जन्मलेल्या कोकरांबरोबर तीन महिन्यांपर्यंत जगलेली कोकरेही मोजली गेली आणि मोजणी संस्थेच्या गोठ्याबाहेर मेंढपाळांच्या कळपांतही झाली. उलट डेन्मार्कमधील वराहपैदाशीत एका वेतातील पिल्लांची संख्या आईच्या आचळांपेक्षा अधिक होईपर्यंत वाढली आणि दाईपणासाठी दुसऱ्या माद्या लावाव्या लागल्या. किती जन्मले हा उत्पादनाचा आकडा. किती जगले आणि कोणाच्या दुधावर, हा कल्याणाचा. जुळी देणाऱ्या मेंढीला अधिक चारा लागतो, तो दुष्काळी वर्षी कोठून येणार, हा प्रश्न मात्र तेथेही शिल्लक राहतोच.

समारोप :

वराहगृहासाठी घडलेल्या पट्टीकडून आपण शिस्त घ्यावी, दर्जाचे शिक्के घेऊ नयेत, असा या चिकित्सेचा निष्कर्ष आहे. जनावराच्या अंगाकडे पाहणे आणि एका उणिवेवर दुसऱ्या गुणाचे पांघरूण न घालणे या दोन गोष्टी स्वीकारार्ह आहेत. त्यांत तीन दुरुस्त्या सुचवाव्याशा वाटतात. पहिली, पाहणी एका दिवसाची न ठेवता निदान उन्हाळा, पावसाळा, हिवाळा आणि स्थलांतराचा काळ अशी चार वेळा व्हावी. दुसरी, बेरीज करून एक दर्जा देण्याऐवजी सर्वांत कमी गुणांचा निकष अहवालात सर्वांत वर लिहावा. तिसरी, प्रत्येक पाहणीत पालकाचा रकाना असावा. पशुवैद्य किती अंतरावर आहे, चराईला जागा कोण देतो, मालाला भाव काय मिळतो आणि रात्री कळपाजवळ कोण जागते, हे प्रश्न त्यात यावेत.

राज्य शासनाच्या २०१७ मधील राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेत वीस मेंढ्या व एक मेंढा असा गट ७५ टक्के अनुदानावर देण्याची तरतूद झाली आणि तीत स्थायी व स्थलांतरित अशा दोन्ही पद्धतींना जागा दिली गेली. मदत देताना शासनाने हा भेद ओळखला. तपासणी करतानाही तो ओळखला गेला पाहिजे. अन्यथा उद्या कल्याणाच्याच नावाने नळी आणि छप्पर मोजले जाईल, फिरता कळप अनुत्तीर्ण ठरेल आणि बंद गोठा उत्तीर्ण होईल. ज्या वर्तनस्वातंत्र्यासाठी युरोपातील डुकराला साठ वर्षे वाट पाहावी लागली, ते लोणंदच्या मेंढीकडे आज आहे. ते तिच्याकडून काढून घेऊन पुढे निकष म्हणून तिला परत देण्याचा खटाटोप करण्यापेक्षा, तिला कमी पडणारे पाणी, औषध आणि अवकाळीतला आडोसा पुरवणे अधिक शहाणपणाचे आहे. सातारा-सांगली पट्ट्यातील महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र, भूगोल, समाजशास्त्र व मराठी या विभागांनी एकत्र येऊन एखाद्या कळपाची वर्षभराची अशी नोंद ठेवली, तर या प्रदेशाची स्वतःची पट्टी घडण्यास प्रारंभ होईल.